उजव्या खिशाचं गुपित

१४ मे, रविवार. दुपार.
ही वही आजपासून. कुणी वाचायची नाही. व्हर्लीनने तर मुळीच नाही. बायको झाली म्हणून काय झालं.

आज मदर्स डे. चर्च खचाखच. मी, हॉयट प्रुइट, गेली अकरा वर्षं शिलो चर्चच्या संरक्षण पथकात, पूर्वेच्या दाराशी. कोटाखाली पिस्तूल, आणि कुणाला पत्ता नाही. दानाच्या वेळी खाली पडलेली प्रार्थनेची पत्रिका उचलायला वाकलो आणि पट्ट्यातून पिस्तूल सटकलं. फरशी नुकतीच पॉलिश केलेली. घसरत थेट सिस्टर ओपल टिडवेलच्या पायाशी. आमच्या चर्चमध्ये सगळेच ब्रदर नि सिस्टर. वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला वाटलं कुणाच्या चष्म्याचं घर. तेवढ्यात दानाचं ताट आलं, तिने त्यात ठेवून दिलं. ताट पुढे चार रांगा फिरलं. प्रत्येकाने पाहिलं आणि प्रत्येकाने मुकाट्याने पुढे दिलं. आमच्याकडे दानाचं ताट कुणी अडवत नाही.

शेवटी ताट गार्लंड स्टाइल्सच्या हातात. पथकाचा प्रमुख. माझ्याहून चार वर्षांनी लहान. ताट वर धरून सगळ्यांसमोर म्हणतो, ब्रदर हॉयट, या आठवड्याचा दशमांश जरा जडच दिलास!

छप्पर उडेल असं हसले सगळे. पास्टर हसले. व्हर्लीन हसली. मी हे विसरणार नाही.

१५ मे, सोमवार.
गार्लंडचा फोन. म्हणे दाराची खुर्ची तूर्त दुसऱ्याला देतोय, तू जरा आराम कर, ऑक्टोबरात पथकाची नेमबाजीची चाचणी आहे, त्यात पास झालास तर बघू. बघू! मला!

गॅस सिलिंडरच्या ट्रकवरची नोकरी सुटली, कंबर गेली, मुलगी टल्सा शहरात गेली. राहिलं होतं ते एक दार. रविवारी येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याशी हात मिळवायचा. आता मागून तिसऱ्या रांगेत बसायचं, व्हर्लीनच्या पर्सशेजारी.

निश्चय: गार्लंडची जिरवायची. सगळ्या चर्चसमोर. पद्धत अशी की पट्टा बंद. यापुढे खिशातलं पिस्तूल. छोटं, चपटं, माझ्याशिवाय कुणालाही न दिसणारं. बाजारातलं प्रत्येक वापरून, तुलना करून, सर्वोत्तम निवडायचं.

३ जून, शनिवार.
तक्ता तयार. रकाने: वजन, लपतं किती, हाताला बसतं कसं, गार्लंड जळेल का. प्रत्येकाला दहापैकी मार्क.

पहिलं: पाच गोळ्यांचं आखूड रिव्हॉल्वर. दुकानदार मर्लने जुन्या पिस्तुलाच्या बदल्यात दिलं. म्हणाला, हॉयट, याचं कधी काही बिघडत नाही, माणसाचंच बिघडतं. मर्लला बोलायची सवय आहे.

११ जून, रविवार.
रिव्हॉल्वर चर्चमध्ये नेलं. प्रार्थनेला उभे राहिलो, उजवी बाजू खाली निघाली. वजनाने पॅन्टच उतरत होती. संपूर्ण भजन एका हाताने पॅन्ट धरून म्हटलं. दुसरा हात देवाकडे. सिस्टर ओपलला वाटलं मला पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला.
वजन: दोन. लपतं किती: सात. गार्लंड जळेल का: चार. तो माझ्याकडे बघत होता. घाबरलाय.

४ जुलै, मंगळवार.
रिव्हॉल्वर मर्लला परत. वर बोटीची मोटरही दिली. बदल्यात बाजारातलं सगळ्यात हलकं पिस्तूल, तळहातात मावेल एवढं. खिशात आहे हे कळतच नाही!

रात्री स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांना जाताना व्हर्लीनने विचारलं, तुझी ती मळकी पॅन्ट धुवायला टाकू का? मी म्हटलं टाक. यंत्रात घालण्याआधी तिने खिसे तपासले. मग जे बोलली ते या वहीतही लिहिणार नाही. चूक तिची नाही, माझीही नाही. पिस्तुलाची आहे. इतकं हलकं असूच नये.

८ जुलै, शनिवार.
मर्लच्या मागच्या अंगणात चालवून पाहिलं. सहा गोळ्या. सहाव्यानंतर हात कोपरापर्यंत बधिर. लक्ष्याला एक लागली, उरलेल्या मर्लच्या भुईमुगात. तो म्हणाला, हे खिशात ठेवायला एक नंबर, बाहेर काढायला नाही.
हाताला बसतं कसं: शून्य. व्हर्लीनने बर्फ लावून दिला. बर्फ लावताना हसत होती. तिचंही नाव लिहून ठेवतोय.

२३ जुलै, रविवार.
मोठा शोध! गार्लंडकडे पिस्तूलच नाही.

आज अख्खा दीड तास त्याच्यावर नजर ठेवली. खिसे सपाट. कंबर सपाट. बसताना कुठे अडत नाही, वाकताना काही सावरत नाही. एकदाही हात कुठे गेला नाही. पथकाचा प्रमुख, आणि रिकामा! अंगाचा तिळपापड झाला, पण मनातून काय आनंद झाला म्हणून सांगू. आता नुसतं पास व्हायचं नाही. चाचणीच्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला काढ म्हणायचं. काय काढणार? रुमाल?

२४ जुलै, सोमवार.
तिसरं: पॉइंट बावीस कॅलिबरचं बारकं पिस्तूल. आवाज कमी, झटका नाही, हात खूश. मर्ल म्हणाला, याने मारलंस तर चोर मागे वळून विचारेल, खडा कुणी मारला? खिशातल्या सुती कचऱ्याने दोनदा अडकलं. कचरा झाडायला व्हर्लीनचा ब्रश वापरला, तोच ती केसांना वापरते हे माहीत नव्हतं.
गार्लंड जळेल का: एक. बाद.

१२ ऑगस्ट, शनिवार.
सापडलं! चौथं. चपटं, काळं, नऊ मिलिमीटर. ना फार जड, ना फार हलकं. बदल्यात हरणांच्या शिकारीचं मचाण दिलं. तसंही या कंबरेने वर कोण चढतंय. सोबत खिशात ठेवायचं चामड्याचं म्यान, म्हणजे आकार उमटत नाही. मर्लने दहादा बजावलं की त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही, आणि घरी रिकामं पिस्तूल घेऊन हजार वेळा काढायचा सराव कर, म्यान खिशातच राहिलं पाहिजे. हजार वेळा! मी काय नवखा आहे?
पहिल्या तिन्ही रकान्यांत नऊ. गार्लंड: दहा.

१९ ऑगस्ट, शनिवार.
गुप्ततेची परीक्षा घेतली. ट्विलाच्या कॅफेत दोन तास बसलो, बिस्किटं-ग्रेव्हीचा नाश्ता, मग ॲपल पाय. मधूनमधून खिसा चाचपून जागेवर आहे ना ते पाहिलं, अगदी सहज. ट्विला कॉफी ओतताना म्हणाली, हॉयट, मांडी दुखतेय का रे? सारखी चोळतोयस. म्हणजे सिद्ध झालं. कुणालाही संशय नाही.

३ सप्टेंबर, रविवार.
शंका फिटावी म्हणून आज गार्लंडची झडती घेतली. चर्च सुटल्यावर गेलो आणि मिठी मारली. दोन्ही बगला, पाठ, कमरेचा मागचा भाग, सगळं चाचपलं. काही नाही! गार्लंड आधी ताठ झाला, मग त्याने मलाही घट्ट धरलं. बराच वेळ सोडेना. डोळे ओले. ऊन होतं, त्याने असतील.
व्हर्लीन गाडीत म्हणाली, बरं केलंस. मी गालातल्या गालात हसलो. बिचारीला काय माहीत.

२४ सप्टेंबर, रविवार.
लहान मुलांनी नवीन खेळ काढलाय. चर्चच्या अंगणात रांगेने चालतात, चार पावलांनी उजवी मांडी थोपटतात, मग डावीउजवीकडे बघतात. कसला खेळ कोण जाणे. हल्लीची मुलं.
सराव: नाही. कंबर.

८ ऑक्टोबर, रविवार.
चाचणी शनिवारी. भाषण लिहून पाठ केलं. सुरुवात: मित्रांनो, ज्याच्या भरवशावर आपली लेकरं इथे बसतात, तो माणूस रिकाम्या हाताने बसतो. शेवट: गार्लंड स्टाइल्स, काढ!
आरशासमोर म्हटलं. स्वतःच्या अंगावर काटा आला. पिस्तूल काढायचा सराव मात्र उद्या.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार.
उद्या. सराव झाला नाही, पण मनात हजार वेळा झाला. गार्लंड, उद्या तुझा दशमांश निघतो.

१४ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळ.
लिहितो. लिहायचंच.

मर्लच्या अंगणात सगळं पथक, पास्टर, बायका, डब्यांतून पोटॅटो सॅलड. सिस्टर ओपलही खुर्चीवर. जोडीजोडीने उभं करत होते. माझ्या शेजारी गार्लंड. देवाने दिलेली संधी. मी दोन्ही हात वर करून भाषण केलं. पूर्ण. एकही शब्द विसरलो नाही. गार्लंड, काढ! म्हणालो.

तेवढ्यात मर्लने टायमर दाबला. गार्लंडने शर्ट वर केला. पोटाशी, पॅन्टच्या आत, बरोबर पुढे, वीतभर लांब भलंमोठं पिस्तूल. खिशातलं नव्हे, पूर्ण मापाचं. पाच गोळ्या, पाचही मधोमध. मिठी मारताना मी बगला चाचपल्या, पाठ चाचपली. पोट कोण चाचपतं? तिथे टोचलं ते मला पट्ट्याचं बक्कल वाटलं होतं.

मग मीही काढलं. चामड्याच्या म्यानासकट. पिस्तूल म्यानात, म्यान हातात, आणि ट्रिगर आत. बोट कुठे जाईना. मी ते लक्ष्यावर रोखून उभा, जणू पाकीट दाखवतोय. सिस्टर ओपलने शेजारणीला विचारलं, पुन्हा चष्म्याचं घर सापडलं का?

कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

नंतर गार्लंड बाजूला घेऊन गेला. म्हणाला, मी कधी चाचपत नाही रे हॉयट, म्हणून कुणाला दिसत नाही. तू मेपासून कोणत्या रविवारी काय आणलंस ते अख्ख्या चर्चला पाठ आहे, पोरं तर तुझी नक्कलच करतात. मग म्हणाला, ताटाच्या वेळी मी तसं बोलायला नको होतं. लाज वाटत होती मला. तू मिठी मारलीस त्या दिवशी घरी जाऊन रडलो. बायकोला म्हटलं, हॉयटने मला माफ केलं.

झडती होती, असं सांगायचं? मान हलवली.

तो म्हणाला, दार तुझंच आहे. दाराशी लोकांना ओळखणारा माणूस लागतो. वॉकीटॉकी देतो. पिस्तूल मात्र घरी ठेव.

पाच महिने सूड उगवत होतो, आणि तो माणूस पाच महिने माझी माफी मागायला शब्द शोधत होता. आता याच्यावर राग तरी कसा धरायचा? प्रयत्न करून पाहिला. पाच मिनिटं टिकला.

२२ ऑक्टोबर, रविवार.
पूर्वेचं दार. माझी खुर्ची. पिस्तूल मर्लकडे, मचाण परत घरी. तक्ता फाडला.

खिशात फक्त पेपरमिंटच्या गोळ्या. व्हर्लीनला सांगायचं नाही, साखर वाढलीय. खास पातळ कागदात गुंडाळून ठेवल्यात, आवाज नाही, आकार नाही. या वेळी खरोखर कुणालाही पत्ता नाही. दोनदाच चाचपल्या.

सिस्टर ओपल काठी टेकत आली. दारापासून दहा फुटांवरूनच म्हणाली, हॉयट, एक गोळी दे रे. उजव्या खिशातली.