धुण्याचा दगड

३ फेब्रुवारी

गज! आईच्या दगडाभोवती लोखंडी गज, त्याला कुलूप आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी!

आईला कायमची माझ्याकडे न्यायला आलेय. गुडघे गेलेत तिचे, एकटीनं राहणं आता जमायचं नाही. तिची अट एकच — "एकदा माझ्या दगडावर बसते, पाय नदीत सोडते. मग ने कुठं न्यायचं तिकडं." एवढंच मागणं! म्हणून आज घाटाच्या पायऱ्या धरून धरून उतरवलं तिला. तर हा म्हणतो, "आजी, लांबूनच नमस्कार करा. बायकांनी शिवायचं नाही. परंपरा आहे."

परंपरा! देवळातले पडदे आणि पुजाऱ्यांची धोतरं या बाईनं जन्मभर याच दगडावर आपटली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहारेकऱ्याला नको नको ते बोलले. आई तोंडाला पदर लावून उभी होती, खांदे हलत होते. रडवलं मेल्यांनी तिला.

४ फेब्रुवारी

एकटीच परत गेले. पाटी वाचली — "प्राचीन काळी येथे महर्षींनी तप केले. दगडावरील खळगा हा त्यांच्या गुडघ्याचा ठसा होय." गुडघ्याचा म्हणे! धुणं आपटून आपटून पडलाय तो. लहानपणी मी त्यात साबणाची वडी ठेवायचे.

तेवढ्यात गाईड यात्रेकरूंना घेऊन आला. सांगत होता, पूर्वी एका बाईनं हट्टानं दगडाला हात लावला, तर तिचा हात लुळा पडला म्हणे. मी मध्येच तोंड घातलं, "इथं माझी आई धुणं धुवायची." तो हसून म्हणाला, "ताई, धुण्याचे दगड तिकडे, खालच्या बाजूला." सगळे हसले. काय करणार, निघून आले.

५ फेब्रुवारी

डोकं तापलेलंच. भाजी करपवली.

६ फेब्रुवारी

देवस्थान समितीच्या अध्यक्षांकडे गेले. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "पुरावा काय?"

मला विचारतात! मी शाळेत इतिहास शिकवते. पोरांना छळायचा माझाच हा प्रश्न.

"आणि महर्षींचा पुरावा?"

"अहो ताई, तो श्रद्धेचा विषय आहे. मी लहानपणी माझ्या आईकडून ऐकलंय हे."

म्हणजे ऋषींना पुरावा नको, माझ्या आईला हवा! चहा तसाच ठेवून उठले.

७ फेब्रुवारी

वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसले. आईला म्हटलं, ही थाप पहिल्यांदा कुणी मारली ते शोधते, सोडत नाही त्याला!

आई शेंगा सोलत होती. म्हणाली, "मीच."

"काय?"

"अगं, वरच्या आळीतली ती भांडकुदळ रोज माझ्या आधी येऊन दगड अडवायची. म्हणून सांगून टाकलं — ऋषींचा दगड आहे, बाईनं शिवला तर हात लुळा पडतो. नेमका त्याच आठवड्यात तिचा हात मुरगळला. झालं!"

"आणि तू कशी धुवायचीस मग?"

"मला त्यांनी स्वप्नात परवानगी दिली होती ना."

म्हणजे त्या दिवशी घाटावर पदराआड ही रडत नव्हती, हसत होती! आपलेच दात, आपलेच ओठ. मी भयंकर भडकले. इतके दिवस गप्प का? तर म्हणे, "तुझा पट्टा सुरू असताना मधे कोण बोलणार?"

पत्र फाडलं. उद्या दुपारी गाडी, आणि दगडावर बसणं राहिलंच. म्हटलं, सकाळी जाऊन निदान खरं सांग त्यांना. आई म्हणाली, "खरं तू सांगितलंस की. काय झालं?"

८ फेब्रुवारी

आई बसली! पहारेकऱ्याला एवढंच म्हणाली, "पहाटे स्वप्नात आले होते. ये म्हणाले." त्यानं हात जोडून कुलूप काढलं. पाय पाण्यात सोडून खळग्यावरून हात फिरवत बसली. डोळे भरले होते — या वेळी खरेच.

पायऱ्यांवर गर्दी जमली. एका बाईनं मला हळूच विचारलं, "कसे दिसले हो त्यांना?"

"पांढरी दाढी," मी म्हणाले. "गुडघ्यापर्यंत."