एका बसमध्ये मावणारं कॉलेज

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हे मागच्या खेपेला विचारायचं राहून गेलं. मामींना माझा नमस्कार सांगा, पण पत्र त्यांच्या हाती लगेच देऊ नका. आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा, पाणी प्या, मग द्या. फोनच का नाही केला म्हणाल, तर आमच्या वसतिगृहाचा फोन जेवणघराच्या दारात आहे आणि मी ‘हॅलो’ म्हटलं की आतल्या सगळ्यांचे चमचे थांबतात.

तुम्ही एवढी खटपट करून तुमच्या गावातल्या त्या मोठ्या कॉलेजात माझ्यासाठी जागा मिळवलीत. हट्ट माझाच होता, आणि तो उगीच नव्हता. आमच्या कॉलेजात आम्ही सगळे मिळून सत्तेचाळीस. इथे माणसाला साधं भांडताही येत नाही. माझं आणि माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचं (तिला सगळे टपाल म्हणतात, कारण बातमी तिच्या हाती पडली की घरोघर पोचते) गेल्या महिन्यात कडाक्याचं वाजलं. अबोला धरायचा ठरवला. पण बॅडमिंटनमध्ये आमची जोडी, नाटकात ती माझी आई, आणि भाषेच्या तासाला वर्गात आम्ही दोघीच. सर रोज दारातून विचारायचे, आज मिटलंय का, म्हणजे त्याप्रमाणे खुर्च्या लावतो. शेवटी कंटाळून मिटवलं. प्रेमाचीही तीच गत. एका मुलाने एका मुलीची वही परत देताना जरासं हसून पाहिलं, तर दुपारी स्वयंपाकाच्या बाईंनी दोघांची ताटं शेजारीशेजारी मांडून ठेवली होती (दोघं बिचारी जेवलीच नाहीत). आणि नाटकाचं तर विचारू नका. निम्मं कॉलेज रंगमंचावर, निम्मं पडदे ओढायला. ज्याचा प्रवेश संपेल त्याने मागच्या दाराने धावत येऊन प्रेक्षकांत बसायचं, टाळ्या वाजवायच्या आणि आपली पाळी आली की पुन्हा पळायचं. शेवटच्या प्रवेशात सगळेच वर होते. पडदा पडला तेव्हा टाळ्या फक्त पहारेकरीकाकांच्या, आणि ते पहिले दोन अंक झोपले होते.

म्हणून मला मोठं कॉलेज हवं होतं, मामा. जिथे आपण शिंकलो तर कुणी औषध सुचवणार नाही. गेल्या आठवड्यात मी ते पाहायला आले, तो पहिला तासभर स्वर्ग होता. कुठे निघालीस, कुणी विचारलं नाही. मी चुकून दगडांच्या तासाला जाऊन बसले आणि अख्खा तास दगडांविषयी लिहून घेतलं, तरी कुणाला संशय आला नाही. मग लांबलचक व्हरांड्याच्या ऐन मध्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. लोक अगदी सभ्यपणे माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. मी चप्पल हातात घेऊन उरलेला दिवस हिंडले. कँटीनमध्ये चप्पल टेबलावर ठेवली (नको होती ठेवायला, पण हात भरले होते), तरी कुणी हूं की चूं केलं नाही. एक मुलगी मात्र भली निघाली, तिने मला कार्यालय दाखवलं. दोन वर्षं झाली म्हणाली तिला. मैत्रिणी चौघी, चौघी एकाच मजल्यावरच्या, चौघींना तीच गाणी आवडतात. आपल्यासारखी माणसं शोधून काढायला वेळ लागतो, पण मिळतात म्हणे. मला एकदम आमचा म्हातारबा आठवला. वय एकोणीस, बोलतो फक्त भुंग्यांबद्दल. त्या मोठ्या कॉलेजात मी त्याला आयुष्यात शोधून काढलं नसतं. इथे दुसरं कुणी रिकामं नव्हतं म्हणून त्याच्याशेजारी बसले, आणि आता भुंगा दिसला की आधी त्याला हाक मारते. माझ्यासारखं एकही माणूस मला इथे मिळालेलं नाही, मामा, तरी माझं सगळ्यांशिवाय अडतं.

असो. तर एका पायात चप्पल घालून मामींसमोर जेवायला यायची लाज वाटली, म्हणून मी तशीच परस्पर परतले, त्याबद्दल रागावू नका. इथे फाटकात शिरते तोच पहारेकरीकाका लांबून ओरडले, ताई, चप्पल तुटली वाटतं, आणि मामी कशा आहेत?

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. कॉलेज सोडून जायची चाचपणी करायला निघाले आहे, असं या लोकांच्या तोंडावर मला सांगवेना. म्हणून मी जाताना सांगितलं होतं की मामी फार आजारी आहेत. वाटलं होतं, दोन दिवसांत विसरतील. पण मी आले तर सरांनी चाचणी पुढे ढकलली होती, म्हातारबाने माझ्या वाटच्या नोट्स उतरून ठेवल्या होत्या, आणि स्वयंपाकाच्या बाईंनी माझ्यासाठी सूप झाकून ठेवलं होतं. ते गिळताना मला जे वाटलं ते कुणालाही वाटू नये.

पत्र लांबलं. गुडघ्याला जपा. जिन्याचा कठडा धरायला लाजू नका.

तुमची (निदान इथवर तरी) लाडकी
भाची

ता. क. येत्या रविवारी अख्खं कॉलेज मामींना बघायला तुमच्याकडे येत आहे. मी हजार कारणं सांगितली, पण आमचं कॉलेज एका बसमध्ये मावतं, हीच तर मुळात अडचण आहे. तरी मामींनी कृपा करून सकाळपासून अंथरुणात असावं. त्यांची तब्येत ठणठणीत आहे आणि आवाज त्याहून, म्हणून शक्यतो बोलू नये. मी पहारेकरीकाकांना कंबर सांगितली आहे आणि रेक्टरबाईंना ताप, तर दोन्ही असू द्यावं.

आणखी एक ता. क. त्या मोठ्या कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणालातरी देऊन टाकायला सांगा. कारण विचारू नका. चप्पल शिवून मिळाली.

तिसरा ता. क. (अक्षर वेगळं दिसेल) मामा, नमस्कार. मी टपाल. या वसतिगृहात डिंकाची बाटली एकच आहे आणि ती माझ्याकडे असते, त्यामुळे चिकटवण्याआधी पत्र वाचलं. राग मानू नये. ती तिकडे गेली त्या दुपारी मामींचा फोन आला होता, पोरगी नवं कॉलेज बघून जेवायला येणार होती, अजून कशी नाही आली म्हणून. फोन मी घेतला. अर्धा तास बोललो, फार छान आहेत मामी. संध्याकाळपर्यंत रेक्टरबाई सोडून सगळ्यांना कळलं होतं. सरांनी चाचणी ढकलली ती वर्गात कुणाचं लक्ष लागेना म्हणून. कुणी तिला काही बोललं नाही. रविवारी येणार होतो ते मामींना बघायला नव्हे. तिला नेऊ नका, असं तुम्हाला विनवायला. आता जागा सोडल्याचा वरचा ता. क. वाचला, रेक्टरबाई सोडून सगळ्यांना वाचून दाखवला, तरी येतोच आहोत. आम्हाला माहीत आहे हे तिला कळू देऊ नका. मामींना झोपूनच राहायला सांगा. फक्त ताप नको, कंबरच ठेवा. आमच्या रेक्टरबाई कपाळाला हात लावून बघतात.