रांग सोडून रोममध्ये

आई,

मी रोमला जाऊन आले. एकटी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तू असतीस तर पहिल्यांदा "बरोबर कोण होतं?" असं विचारलं असतंस आणि रोम बाजूलाच राहिलं असतं. बरोबर कोणी नव्हतं. पाठीवर लेकीची जुनी सॅक, पायात चालायचे बूट, आणि राहायला एक हॉस्टेल. तिथे एका खोलीत माझ्या लेकीच्या वयाच्या पोरी आणि मी, एकावर एक बर्थवर झोपायचो. मला नेमका वरचा बर्थ मिळाला होता. शिडीवरून चढउतार करताना गुडघ्यांनी काय काय ऐकवलं ते जाऊ दे, पण सकाळी डोळे उघडले की समोरच्या गच्चीवर वाळत घातलेलं कुणाचं तरी धुणं दिसायचं आणि आज काय करायचं हे कुणालाही विचारायचं नसायचं. पन्नाशी उलटली तरी असं माझ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, तू न पाहिलेल्या या घरात, मी जाणार हे कळल्यावर चांगलीच खळबळ माजली. नवरा म्हणाला, "अगं, एकटी कशाला? मी सप्टेंबरमध्ये लीव्ह टाकतो, आपण प्रॉपर टूर बुक करू ना." लेक फोनवर म्हणाली, "मॉम, जस्ट गो. यू डोन्ट नीड अ रीझन." आणि शेजारच्या काकू ढोकळ्याची ताटली परत करायला म्हणून आल्या त्या दारातच आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरी सगळं ओके आहे ना गं? म्हणजे, भांडणबिंडण नाही ना झालं?" आपल्याकडे बाईने एकटीने प्रवास करायला मयत, बाळंतपण किंवा भांडण यातलं एक कारण लागतं, चौथं कारण अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. मी सगळ्यांना "बघायचंय" एवढंच सांगत होते. खरं तर मला दोन गोष्टी बघायच्या होत्या. एक रोम, आणि दुसरं म्हणजे मला एकटीला करमतं का. मुलगी, बायको, आई, टीम लीड, असं कुणाचं तरी कुणीतरी असण्यात सगळी वर्षं गेली. ते सगळं काढून ठेवलं तर खाली कोणी उरतं का, याची मला उत्सुकता होती आणि थोडी धास्तीही होती.

उन्हाळ्यात रोमला जाऊ नये असं सगळे सांगतात, ते खरं आहे. एका प्रसिद्ध कारंज्यासमोर मी गेले तर पाणी दिसलंच नाही, वर धरलेले फोन तेवढे दिसले. प्रत्येक घोळक्याच्या पुढे कुणीतरी मिटलेली छत्री उंच धरून चाललेलं आणि मागे त्याची माणसं. मला घोळका नव्हता, त्यामुळे मी वाटेल त्या गल्लीत शिरत होते. एका गल्लीत पाद्र्यांच्या कपड्यांची दुकानं होती, तिथे मी काचेबाहेर उभी राहून जांभळे मोजे बघत बसले. हे मोजे कोण घालत असेल, धुवायला कोण टाकत असेल, एक हरवला तर काय करत असतील! तेवढ्यात एक म्हातारे पाद्री आइस्क्रीम खात आले. झग्यावर ओघळ पडू नये म्हणून त्यांनी मान अशी काही पुढे काढली होती, की मला भर रस्त्यात हसू फुटलं. आणि तेव्हा लक्षात आलं, की हसू आलं की आपण बाजूला बघतो. बाजूला कोणी नव्हतं. त्या दिवसापासून मला जरा जड जायला लागलं. हॉटेलात शिरलं की वेटर माझ्या मागे बघायचा, अजून कोण येतंय म्हणून. मग मी पिझ्झाचा तुकडा कागदात घेऊन पायरीवर बसून खायची.

तिथल्या जुन्या चर्चमध्ये आत अंधार असतो. चित्रांपाशी एक पेटी असते, तिच्यात नाणं टाकलं की दिवे लागतात आणि थोड्या वेळाने आपोआप विझतात. आता मी पडले मराठी. दुसरं कुणी नाणं टाकतंय का, याची वाट बघत मी अंधारात उभी राहिले. माझ्यासारखेच आणखी चारपाच जण होते, सगळे देशोदेशीचे, सगळे प्रार्थनेत बुडाल्याचं नाटक करत होते. शेवटी मीच लाजून नाणं टाकलं. वर बघते तर छत माणसांनी भरलेलं, पंख, पाय, निळे-तांबडे झगे, कुणी ढगावरून खाली वाकून आमच्याकडेच बघतंय. अंधारातले ते चारपाच जण लगेच येऊन माझ्याभोवती उभे राहिले. मग फट्दिशी दिवा गेला आणि त्या अंधारात मला तू आठवलीस.

मी आठवीत आहे. शाळेची सहल वेरूळला आली आहे आणि तू सहलीची बाई आहेस, म्हणून परत घरी पोचेपर्यंत तुला 'आई' म्हणायचं नाही, 'बाई' म्हणायचं, असं तू निघतानाच बजावलं आहेस. सगळ्या मुली दोन दोनच्या रांगेत पुढे गेल्या आहेत. मी कैलास लेण्यात मागे राहिले आहे, कारण एका ठिकाणी छतावर जुन्या रंगाचे पोपडे उरलेत आणि मान मागे टाकून बघितलं की त्यात माणसं दिसायला लागतात. बाहेरून तुझा आवाज येतो. तू मला दंडाला धरून बसपाशी नेतेस आणि सगळ्यांसमोर म्हणतेस, "तुझ्या एकटीसाठी बस थांबायची नाही. कशाला भटकायचं एकटीने? पुन्हा रांग सोडलीस तर पुढच्या वर्षी सहल बंद." बाईंची मुलगी म्हणून मला जरा जास्तच बोलणी बसायची, ती तेव्हाही बसली. मी परतीच्या वाटेवर तुझ्याशी बोलले नाही. 'बाई'सुद्धा म्हटलं नाही.

पण त्यानंतरची एक संध्याकाळ मला त्या सहलीपेक्षा जास्त स्पष्ट आठवते. तू स्वयंपाकघरात पोळ्या करत होतीस, मी ओट्याशेजारी गृहपाठ घेऊन बसले होते. माझ्याकडे न बघता तू विचारलंस, "छतावर काय होतं गं?" मला आधी कळलंच नाही. मग मी सांगायला लागले आणि तू लाटणं धरून तशीच उभी राहिलीस, तव्यावरची पोळी करपली तरी तुझं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, "पण आई, तू तर दर वर्षी जातेस तिथे." तू म्हणालीस, "जाते ना. मुलींच्या वेण्या बघून येते." आणि हसलीस. पुढच्या सहलीच्या आधी तू मला एक लहानशी बॅटरी आणून दिलीस. म्हणालीस, "आत अंधार असतो. नीट बघ आणि घरी आल्यावर मला सांग. पण रांग सोडायची नाही." रांग न सोडता छत कसं बघायचं, हे मात्र तू सांगितलं नाहीस. मला वाटतं, ते तुलाही ठाऊक नव्हतं.

तर रोम. तिथे रस्त्यात जागोजागी लोखंडाचे बुटके खांब आहेत, त्यांच्या वाकड्या तोटीतून पिण्याचं पाणी दिवसरात्र वाहत असतं. मी बाटली भरून घेतली आणि माझा हात आपोआप नळ बंद करायला गेला. चावी सापडेना. मी मागून चाचपलं, खालून चाचपलं, सॅकसकट ओणवी होऊन बघितलं. पहाटे तासभर येणाऱ्या पाण्यावर वाढलेली मी, भरल्या रस्त्यात असं धो धो पाणी वाया जाताना बघून पुढे जाणार कशी? माझा जीव नुसता खालीवर होत होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो ताई, तो बंद होत नाही! मी पण मघाशी तेच केलं." वळून बघितलं तर पंजाबी ड्रेसवर केशरी टोपी घातलेल्या एक काकू कमरेवर हात ठेवून हसत होत्या. "मराठीच ना? वाटलंच. दुसरं कोण नळ बंद करायला जाणार!"

त्यांची टूर होती, सगळी आपली माणसं, सगळ्यांना केशरी टोप्या. मला न विचारता त्यांनी जेवायलाच नेलं. वरण-भात, बटाट्याची भाजी, आणि काकूंनी पिशवीतून काढलेला मिरजेहून आणलेला गुळांबा. खोटं कशाला बोलू, पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले. दुसऱ्यांदा भात वाढेपर्यंत काकू 'अहो'वरून 'अगं'वर आल्या होत्या. त्यांची टूर मॅनेजर चाळिशीची, बोलून बोलून घसा बसलेली बाई. ती म्हणाली, "ताई, आमची एक सीट रिकामी आहे. एक मावशी गुडघ्यामुळे पॅरिसला भाच्याकडे थांबल्या. उद्या फ्लॉरेन्स, मग व्हेनिस. मी ऑफिसशी बोलून अ‍ॅडजस्ट करते. डिनर रोज इंडियन." काकू म्हणाल्या, "चल गं. एकटी कशाला भटकतेस?" मी हो म्हटलं. काय करणार, मला माणसं हवी होती.

सकाळी मी सॅक घेऊन त्यांच्या बसपाशी हजर. काकूंनी पर्स ठेवून खिडकीची जागा धरली होती. मॅनेजर बसच्या पुढच्या पायरीवर आमच्याकडे तोंड करून उभी होती आणि बोटाने माणसं मोजत होती. तिच्या पाठीमागे काचेतून एका घुमटावर नुकतं ऊन आलेलं दिसत होतं. मी सहज विचारलं, "तो घुमट आतून कसा आहे हो?" ती हसली. "कुठलं बघतेय मी! आम्ही माणसं बघतो, ताई. रोम बघू रिटायर झाल्यावर." आणि तिचं बोट माझ्यावर आलं, ओठ हलले, आणि पुढे सरकलं. मी मोजली गेले. आई, इतकं सुरक्षित वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं कोंडल्यासारखं झालं, की मी उठले आणि वरून सॅक काढली. काकू खरंच रागावल्या. "वेडी आहेस का? काही झालं तर कोण आहे तुला इथे?" मी त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी चिवड्याचं पाकीट माझ्या हातात कोंबलं. बस वळून दिसेनाशी झाली. मागे धावावं असं वाटलं.

धावले नाही. समोरच्या रस्त्यावर दोन माणसं गुडघ्यांवर बसून काळे चौकोनी दगड वाळूत ठोकून बसवत होती. ते मी बघत बसले. एकेक दगड हातात फिरवून बघायचा, बसवायचा, हातोडीने ठोकायचा, पसंत पडला नाही तर परत काढायचा. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तिथेच कठड्यावर बसून चिवडा खात होते. कोणी चल म्हटलं नाही, काय बघतेस म्हटलं नाही. दुपारी एका हॉटेलात गेले. वेटरने माझ्या मागे बघितलं. मी म्हटलं, "मी एकटीच आहे," आणि चांगलं खिडकीपाशी बसून पोटभर जेवले. पुढचे दिवस असेच गेले. काही बघितलं, बरंच राहिलं. हसू आलं तर एकटीच हसले. करमतं मला, आई. खाली कोणीतरी आहे, आणि ती बरी आहे, जरा चौकस आहे इतकंच.

हे टपालात पडणार नाही हे तुला मला दोघींना ठाऊक आहे, म्हणून आता शेवटचं सांगते. त्या जेवणाच्या वेळी काकूंनी मला विचारलं होतं, "आत्ता इथे कोण बरोबर असावंसं वाटतं गं?" मी म्हटलं, "आई." टेबलावरच्या एकीने डोळे टिपले. पण ते खरं नव्हतं. तू माझ्याबरोबर हवी होतीस असं मला एकदाही वाटलं नाही. तू मला शोधलं असतंस, मोजलं असतंस, आणि वर बघायचं राहून गेलं असतं. मला वाटलं ते वेगळंच. त्या चर्चमध्ये दिवा लागला तेव्हा वाटलं, की इथे तू उभी असायला हवी होतीस, माझ्या वयाची, मान मागे टाकून, एकटी, आणि मी तिथे कुठेच नसायला हवी होते.