एकदा पाहून घ्यायचं होतं

विष्णुपूर,
ता. ३ डिसेंबर १९६३

प्रिय वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मी काल दुपारी इथे सुखरूप पोचले. तुमचे दादा इथे नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उरलेलं पत्र धीराने वाचाल.

पंचाननकडे ते आठवडाभर राहिले आणि मग कालन्याला जातो म्हणून निघाले. घरी कळवलं असेल असं पंचाननला वाटलं. त्यांचा विद्यार्थी तो, आता एवढा हेडमास्तर झाला, पण अजून त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नाही, तो त्यांना काय विचारणार! मला एकटीला दारात पाहून त्याचा चेहराच उतरला. लावण्य, म्हणजे त्याची बायको, मात्र धीराची आहे. तिने आधी गरम पाणी दिलं, भात-मासा वाढला आणि मग विचारलं की काकी, तुमचं भांडण झालं का? म्हटलं, भांडायला माणूस घरात लागतो.

वन्सं, मला फार राग आला आहे. मी लग्न होऊन सिउडीला आले तेव्हापासून हे मला विष्णुपूर दाखवीन म्हणत होते. आधी सासूबाईंचं आजारपण, मग परीक्षेचे पेपर, मग पूर. शेवटी पाहिलं ते त्यांना शोधता शोधता, पदराआड त्यांचा फोटो धरून. रासमंचाच्या कमानींमधून हिंडले, जोडबांगलाचं देऊळ पाहिलं. विटेवर एवढं सुरेख काम, पण मी भिंतीकडे पाहतच नव्हते, माणसांच्या तोंडाकडे पाहत होते.

मदनमोहनाच्या देवळातले पुजारी फोटो बघून लगेच हसले. म्हणाले, हे मास्तरबाबू तर भिंतीला नाक लावून उभे असायचे, एकेका चित्रावरून बोटं फिरवायचे. एकदा पुजाऱ्यांनी हटकलं की देवाला पारोशाने शिवू नका, तर हे म्हणाले की अंघोळ करून आलो आहे, आता शिवू द्या. लावण्यही सांगत होती की काकांनी चहाचा पेला दोनदा टेबलाबाहेर ठेवला, आणि वर्तमानपत्र पंचाननकडून वाचून घ्यायचे. मी म्हटलं, मास्तरकीची खोड, दुसऱ्याला वाचायला लावायचं. पण वन्सं, घरी कधी कुणाला पेपरला हात लावू देत होते का?

मी सात तारखेला कालन्याला जाते, त्याआधी सोबत मिळत नाही. तिथे माझ्या मावसबहिणीकडे, टगरकडे, उतरेन. पत्ता खाली देते. तुम्ही एकट्या आहात, मागच्या दाराची कडी नीट लावा. माझ्यावर माया आहे तशीच असू द्या, आणि तुमच्या दादांवरचा राग माझ्यासाठी राखून ठेवा.

तुमची,
निभाननी


सिउडी,
ता. ६ डिसेंबर

ती. वहिनींस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज सकाळी आलं. हे उत्तर तुमच्याआधी टगरच्या घरी पोचो, म्हणून पोस्टमनलाच ओसरीवर बसवून लिहिते आहे. त्याला नव्या गुळाचा गोड पिठा खायला दिला आहे. तो खाऊन होईपर्यंत मला वेळ आहे.

परवा अघोर डॉक्टर आले. बाहेरूनच विचारलं की मास्तर परतले का, आणि कोलकात्याच्या मोठ्या डॉक्टरांनी दिलेले थेंब नियमाने घालतात ना? मला काहीच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हटलं असतं तर ते गप्प झाले असते. म्हणून म्हटलं, घालतात, पण फरक काही दिसत नाही हो. तेव्हा ते बसले आणि सगळं बोलून गेले. काचबिंदू आहे. फार उशिरा कळलं. एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसराही उन्हाळ्यापर्यंत टिकला तर नशीब. दादा दुर्गापूजेच्या सुट्टीत कोलकात्याला पुस्तकं बघायला गेले होते ना, ते यासाठी. घरी सांगू नका म्हणून डॉक्टरांना शपथ घातली होती.

वहिनी, आता जे लिहिते ते बसून वाचा. डॉक्टर गेल्यावर मी दादांची गादी उन्हात टाकायला काढली. उशीखाली त्यांचं घड्याळ होतं, आणि लग्नातली अंगठी. अंगठी धुतलेली, कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली. प्रवासात चोरीची भीती म्हणून ठेवली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दिवसभर सांगत राहिले. पण लोकरीची शालही खुंटीलाच आहे. थंडीत बाहेर पडणारा माणूस शाल ठेवून जातो का?

मनात आलं ते मी कागदावर उतरवणार नाही. तुम्ही ओळखा, आणि पंचाननच्या घरी जसं राग राग करत गेलात तसं कालन्याला जाऊ नका. देवळांत नंतर शोधा, आधी घाट बघा.

पोस्टमन हात धुतो आहे. तुमचा आशीर्वाद या घरावर असू द्या. मी कडी लावत नाही. दादा आले तर दार उघडं दिसावं.

आपली,
क्षणप्रभा


कालना,
ता. १० डिसेंबर

प्रिय वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

सापडले. जिवंत आहेत, चालते-बोलते आहेत. दाराची चौकट लागून कपाळावर खोक पडली आहे, ती भरत आली.

तुमचं पत्र टगरने माझ्या हातात दिलं ते वाचून मी ट्रंकसुद्धा उघडली नाही, तशीच घाटावर गेले. एका नावाड्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, हे बाबू रोज सकाळी खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसतात. नावेत बसता का विचारलं तर म्हणतात, पलीकडे काय आहे? त्याला वाटलं, बाबूंच्या कुणाच्या तरी अस्थी गंगेत गेल्या असतील. आता देवळांकडे गेले असतील म्हणाला.

एकशे आठ शिवमंदिरांचं आवार तुम्ही पाहिलेलं नाही. देवळांची दोन रिंगणं, एकात एक, सगळी देवळं सारखी, सगळी दारं सारखी. मी बाहेरच्या रिंगणात फिरत होते. दिसेना कुणी. तेवढ्यात पुढच्या एका दारातून त्यांचा आवाज आला. आतल्या आत स्वतःशीच म्हणत होते, काळा. मग बाहेर आले, भिंत चाचपत पुढच्या दाराशी गेले, वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, पांढरा. बाहेरच्या रिंगणात एक पिंड काळी, एक पांढरी असते. वन्सं, तेवढंच त्यांना कळतं आता. काळं आणि पांढरं.

मी समोर उभी राहिले. त्यांनी मला बाजूला व्हा बाई, उजेड अडवू नका, असं म्हटलं. माझ्या शंखाच्या बांगड्या वाजल्या तेव्हा ओळखलं. मग कितीतरी वेळ दोघं त्या पायरीवर बसलो. मला वाटलं होतं मी रडेन. रडले तेच.

मी सरळ विचारलं की मनात काय होतं? म्हणाले, अंधार व्हायच्या आत एकदा सगळं पाहून घ्यायचं होतं, त्यापुढचं काही ठरवलं नव्हतं. म्हटलं, खोटं. अंगठी धुऊन ठेवणाऱ्या माणसाने सगळं ठरवलेलं असतं. मग म्हणाले की जन्मभर पोरांना दाखवत आलो, बघा म्हणत आलो, आता मला कुणी हात धरून मोरीत न्यायचं? तुझ्या गळ्यात हे लोढणं नको. तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, लोढणं नको म्हणून मला विधवा करून माझ्या ताटातला मासा काढायला निघालात? या बांगड्या फोडायला मला याच घाटावर आणणार होता का? देवळात मोठ्याने बोलू नये, पण बोलले.

घरी यायला ते तयार नाहीत. क्षणूला काय तोंड दाखवू म्हणतात. टगरकडे आले आहेत, जेवतात, पण पहाट झाली की काठी शोधतात आणि घाटावर जातात. मी मागून जाते. मला येऊ नको म्हणतात, मी येते. पाण्यात पाय सोडून दोघं बसतो. धुकं एवढं असतं की मलाही त्यांच्याइतकंच दिसतं. त्यांच्या धोतराचा सोगा मी मुठीत धरून ठेवते, आणि त्यांना ते कळतं.

माझी अक्कल संपली. तुम्ही काही लिहा. आजवर ठेवलीत तशी सोबत ठेवा.

तुमची,
निभाननी


सिउडी,
ता. १३ डिसेंबर

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वहिनी वाचून दाखवतील. वहिनी, मधलं काही गाळू नका. गाळलंत तर मला कळेल.

दादा, मी सोळाव्या वर्षी शेंदूर पुसून या घरी परत आले. तेव्हापासून एकादशीला पाण्याचा थेंब नाही आणि ताटात मासा नाही. तुमच्या घरात मला कुणी उणं बोललं नाही, वहिनींनी तर नाहीच. पण त्या आंघोळ करून भांगात शेंदूर भरतात तेव्हा मी आरशाच्या बाजूने जात नाही. एवढ्या वर्षांत कधी गेले नाही. तुम्हाला हे ठाऊक नसेल. तुमचे डोळे चांगले होते तेव्हाही तुम्हाला ते दिसलं नाही.

आणि तुम्ही या घरात माझ्या शेजारी दुसरी विधवा बसवायला निघाला होता. तेही तिच्यावर उपकार म्हणून! लोढणं कसं असतं ते मला विचारा. मी तुमच्या गळ्यात आयुष्यभर आहे. तुम्हाला जड झाले का? झाले असेन तर सांगा, मी वृंदावनाला जाते. झाले नसेन तर ज्या तोंडाने मला राहा म्हणालात त्याच तोंडाने आता तुम्हीही राहा.

मला काय तोंड दाखवू म्हणता. तुम्हाला माझं दिसणार नाही, मग तुमचं मला दाखवायला लाज कसली?

याहून कठोर लिहायला मला येत नाही. पायांवर डोकं ठेवते, आणि ते पाय घराच्या उंबऱ्याच्या आत असावेत अशी इच्छा धरते.

आपली धाकटी,
क्षणू


कालना,
ता. १७ डिसेंबर

प्रिय वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. काही गाळलं नाही. आरशाचं वाक्य आलं तेव्हा मी कागद खाली ठेवला, तर ते म्हणाले की थांबू नको, वाच. पत्र संपल्यावर पाठ करून झोपले. संध्याकाळी जेवले नाहीत. मला भीती वाटली की आपण दोघींनी मिळून ताणलं, आता तुटणार.

सकाळी ते घाटाकडे वळले नाहीत. म्हणाले, प्रतापेश्वराच्या देवळाकडे चल, तिथली भिंत अर्धीच पाहून झाली आहे. गेलो. मला म्हणाले, खालच्या ओळीपासून सांग. मी सांगू लागले. खाली हंस आहेत म्हटलं, तर विचारतात हंस कशावरून, बदकं असतील. म्हटलं, मान बघा केवढी. म्हणाले, मला दिसत असतं तर तुला विचारलं असतं का? वरच्या ओळीतल्या एका सैनिकाला मी देव म्हटलं म्हणून केवढे चिडले! बंदूक हातात धरणारा कोणता देव गं, म्हणे. मीही चिडले. बघायला आलेली माणसं देऊळ सोडून आमच्याकडे बघत होती. दुपार होईस्तोवर एक बाजूसुद्धा पुरी झाली नाही.

तुम्हाला खोटा धीर देणार नाही. मधेच थांबतात, तोंड वर करून उभे राहतात, आणि ते कुठे गेले ते मला समजत नाही. रस्ता मोठा आहे वन्सं. तुम्ही आणि मी दोघींनी जागं राहावं लागेल. त्यांनी तुम्हाला निरोप सांगितला आहे, तो तसाच लिहिते: वृंदावनाचं नाव पुन्हा काढू नको, तू गेलीस तर माझ्याशी वाद कोण घालणार.

देवळाच्या जोत्यावरून उतरताना पायऱ्या उंच होत्या. मी पुढे झाले नाही, हात दिला नाही. त्यांनी काठीने पायरी चाचपली, दोनदा चुकली. मग त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात माझ्या दिशेने धरला. चारचौघांत, भर दुपारी. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. मी इतकी गोंधळले की आधी पदर सावरला, आणि तोवर ते हात तसाच धरून उभे होते.

शुक्रवारी दोघं येतो. लोभ असावा.

तुमची,
निभाननी