सामन्याआधी कळवावे

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

मी, बिराप्पा धुळाप्पा मेत्रे, वय एकोणपन्नास, राहणार मंठाळ, तालुका बसवकल्याण, जिल्हा बीदर, आजचा धंदा शेती, पूर्वीचा धंदा फुटबॉल, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्याने करायची नसते. कोणी धाक घातलेला नाही. राग आहे. रागात लिहिलेला कागद चालतो का, हे मी वकील विरुपाक्ष यांना आधी विचारून घेतले. ते म्हणाले, “अण्णा, शुद्धीतला राग चालतोय.”

१. राहते घर पत्नी म्हाळसा हिच्या एकटीच्या नावे व्हावे. मी गावोगाव खेळत असताना उन्हात उभे राहून ते तिने बांधून घेतले. मी फक्त वास्तुशांतीला आलो, तोही पायाला प्लास्टर घालून.

२. विहिरीजवळचे शेत मुलगी रूपा हिला. ती बेंगळुरूच्या संघात आहे आणि माझ्यासारखीच बॅकला खेळते. कसायचे की दुसऱ्याला लावायचे, ते ती ठरवील. काकाचा सल्ला घेण्याची गरज नाही.

३. मेंढ्या तानाजी वाघमोडेला. लहानपणी आम्ही दोघांनी एकाच माळावर मेंढरे राखली. तिथेच मी खेळ शिकलो असे म्हटले तरी चालेल. अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, “लांडग्याच्या मागं पळू नगंस. त्याच्या आन् मेंढरांच्या मधी हुबा ऱ्हा. मेंढरं सोडून पळालास की त्याचंच काम केलास.” पुढे मोठमोठे प्रशिक्षक भेटले. बॅकने काय करायचे हे इतक्या थोडक्यात त्यांच्यापैकी एकानेही सांगितले नाही.

४. बूट कोणाला देऊ नयेत. शाळेच्या काचेच्या कपाटात तर अजिबात ठेवू नयेत. जर्सींची म्हाळसाने केव्हाच फडकी केली आहेत, त्याला माझी हरकत नव्हती आणि नाही.

५. गोव्यातल्या अंतिम सामन्याचे पदक माझा धाकटा भाऊ नागराज याला द्यावे. कारण लिहून ठेवतो.

अप्पा वारले तेव्हा मी गोव्यातल्या एका क्लबकडून खेळत होतो. आम्ही अंतिम सामना जिंकलो, गळ्यात पदक पडले, आणि मग सेक्रेटरीने मला बाजूला घेऊन सांगितले, “आत्ताच फोन आला. वडील गेले.” मी गावात पोचलो तेव्हा मातीवरची फुले सुकली होती. आमच्यात माणसाला पुरतात, आणि बापाला पहिली मूठमाती थोरल्या लेकाने द्यायची असते. ती नागराजने दिली होती. गावाने माझ्याकडे पाठ फिरवली. “कळवलं होतं म्हणं. पर ह्याला चेंडू सोडवंना,” असे बायका माझ्यादेखत बोलल्या. निरोप उशिरा आला हे मी सांगत राहिलो. कोणी ऐकले नाही. माझे नाव ‘चेंडूवाला’ पडले. म्हाळसाला पाणवठ्यावर ‘चेंडूवालीण’ म्हणत.

गेल्या वर्षी बसवकल्याणला माझा सत्कार झाला. पाहुणे म्हणून तोच सेक्रेटरी आला होता, आता म्हातारा झालेला. माइकवर हसत हसत म्हणाला, “बिराप्पाचे वडील आदल्या संध्याकाळीच गेले होते. भावाचा फोन आला. मी म्हटलं, उद्या फायनल आहे. भाऊ म्हणाला, मग सामना झाल्यावरच सांगा. असा भाऊ पाहिजे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतून नागराज उठला आणि त्याने हात जोडून त्या टाळ्या घेतल्या.

आदल्या संध्याकाळी कळले असते तर रातोरात निघून मी सकाळी अप्पांपाशी असतो. खांद्यावरची शाल खुर्चीवर ठेवून मी उतरलो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन विचारले, “कामून केलास?”

“अण्णा, तू निघाला असतास तर सामना गेला असता. गावाचं नाव झालं का न्हाई?”

“गावाला सांगितलास, मला कळवलं होतं म्हणून.”

“कळवलंच होतं की. क्लबला.”

“इतकी वर्षं मला का बोलला न्हाईस?”

“तू कधी इचारलास?”

तो सामना मी खेळलो, पण जिंकला नागराज. म्हणून पदक त्याचे.

६. अप्पांची घोंगडी आणि जत्रेत खंडोबाची काठी उचलण्याचा मान. बापाला पहिली माती देणाऱ्याकडे ही दोन्ही जातात, अशी आमच्या घराण्याची रीत आहे. त्यामुळे नागराज दरवर्षी घोंगडी पांघरून काठी उचलतो आणि मी गर्दीत उभा राहून भंडारा उधळतो. देवाशी माझे भांडण नाही. रोज कपाळाला भंडारा लावून मी त्याला एवढेच मागतो की हा राग माझ्या हातापायांत उतरू देऊ नकोस. आजवर त्याने ऐकले आहे. वकील म्हणतात, जे ताब्यात नाही ते देता येत नाही. खरे आहे. तरी ते कोणाचे होते, एवढे लिहिलेले राहू द्या.

७. माझी मूठमाती. मला मुलगा नाही, म्हणून नागराज त्याच्या बंटीला पुढे करील. बंटीवर माझा राग नाही, पण त्याने किंवा त्याच्या बापाने मातीला हात लावू नये. पहिली मूठ रूपा देईल. पोरीने माती देण्याची रीत नाही असे कोणी म्हणाले तर त्याला विचारावे, बापाचे मरण लपवण्याची रीत कोणाची आहे?

मी गेलो की तानाजीने फोन करावा. क्लबला नाही, रूपाला. तिचा सामना असला तर सामन्याआधी कळवावे. मग तो अंतिम असो की आणखी कसलाही. कोणी म्हणेल, पोरीचा खेळ बिघडेल. बिघडू द्या. खेळायचे की निघायचे, हे तिचे तिला ठरवू द्यावे. ती निघाली तर कोणी अडवू नये. खेळून आली तर कोणी चकार शब्द काढू नये. तोवर मला बर्फावर ठेवावे. दिवस मावळला, मुहूर्त टळला, अशी घाई कोणी करू नये. मधे उभे राहून वाट बघण्यातच माझा जन्म गेला आहे, आणखी थोडा वेळ थांबेन.

हे लिहीत असताना म्हाळसा म्हणाली, “जितेपणी चार माणसांत बोलला न्हाईत, आता मेल्यावर बोलायलाव व्हय?”

मी म्हणालो, “मेल्यावर मधी कुणी बोलत न्हाई.”

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एक शब्दही सौम्य करायचा नाही असे सांगून खाली सही करतो.

(सही) बिराप्पा धुळाप्पा मेत्रे

साक्षीदार:

१. (सही) विरुपाक्ष, वकील, बसवकल्याण. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.

२. (सही) तानाजी वाघमोडे, मंठाळ. धुळाप्पा मामांचा खड्डा मी खणला होता. बिराप्पा येईल म्हणून ऊन कलेपर्यंत थांबू म्हणालो होतो. नागराज म्हणाला, तो येणार नाही. रूपाला फोन मी करीन. आधी.

ठिकाण: मंठाळ
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५