पैलतीराचा दिवा

प्रिय मोन्स,

तुझा फोन बंद असतो, म्हणून पत्र. टपालवाली हल्ली दिवसाआड येते, त्यामुळे हे तुला गुरुवारी मिळेल की शुक्रवारी, ते तिच्या मर्जीवर. याआधी तुला पत्र लिहिलं होतं ते तू उन्हाळी शिबिराला गेला होतास तेव्हा. मी चार पानं भरून लिहिलं होतं आणि तुझं उत्तर आलं होतं, "मोजे पाठव." या वेळीही एवढंच लिहिलंस तरी माझी तक्रार नाही.

इकडे सगळं ठीक. तळं छान गोठलंय. शेजारचा बोर्ये रोज सकाळी बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतो आणि दुपारी रिकाम्या हाताने माझ्याकडे कॉफीला येतो. काल येताना साय भरलेले पाव घेऊन आला. साय डब्याच्या झाकणाला चिकटली होती, तर शाळेची बस इतकी वर्षं चालवलेला हा माणूस म्हणतो, "रस्ता खराब होता." लाकडंही तोच आत आणून देतो. मी नको म्हणत नाही.

गावात तुझ्याबद्दल कोणी काही बोलत नाही. तुला वाटत असेल, सगळे दात काढून हसत असतील. अरे, आपल्या गावात कोणी तोंडावर हसलंय का कधी? त्या गुनवोरच्या दुकानात गल्ल्याजवळ वर्तमानपत्रांची चळत असते. तुझ्या खेळावर लोक चिडले आणि तुझा फोटो छापून आला, त्या आठवड्यात मी दारातून आत शिरले की गुनवोर सगळी चळत पालथी घालायची. नजर दुसरीकडे ठेवून. मग मी वरचा अंक सुलटा करायचे, विकत घ्यायचे आणि "थंडी वाढली, नाही?" म्हणायचे. ती म्हणायची, "हो, वाढली खरी." आमच्याकडे सहानुभूती म्हणतात ती ही. तुला सवय राहिली नसेल.

तू स्टेजवर उभा राहिलास तो कार्यक्रम आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला होता, हे तुला मी कधी सांगितलं नाही. ऑगस्टातल्या क्रेफिशच्या जेवणाला बोर्येच्या अंगणात सगळे जमले होते, डोक्यावर कागदी टोप्या, गळ्यात फडकी. बाबांनी बोर्येचा टीव्ही खिडकीत आणून ठेवायला लावला. पडद्यावर तू काळ्या शर्टात, मागे तू बनवलेला तो व्हिडिओ गेमचा खेळ. संध्याकाळचं तळं, तळ्यात होडी, आणि पैलतीरावर एका खिडकीत दिवा. तू म्हणालास, "जो दिवा दिसेल तिथवर वल्हवत जाता येईल. जे दार दिसेल ते ठोठावता येईल. उघडायला कोणीतरी असेल." ती तिकडची माणसं आनंदाने किती ओरडली! इकडे आमच्यात नुसते क्रेफिशच्या नांग्या मोडल्याचे आवाज. मग बाबा म्हणाले, "होडी बरोबर काढलीय पोराने. डावं वल्हं आखूड आहे, तेसुद्धा." आणि त्याच हाताने त्यांनी डोळे पुसले, आणि क्रेफिशचं खारं पाणी डोळ्यांत जाऊन आणखी पाणी आलं. "मिठाने," म्हणाले. सगळ्यांनी मान डोलावली. मीठच ते.

तो दिवा आपल्या स्वयंपाकघराचा होता, हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. इथे खिडकीत दिवा प्रत्येकाच्याच घरी असतो, पण शोभेला. आपल्या दिव्याला काम होतं. घरातलं कोणी पाण्यावर गेलं की तो लावायचा आणि जो गेला त्यानेच परत येऊन तो विझवायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बाबांच्या आईचा नियम. तू लहान होतास तेव्हा ओल्या बुटांनी धावत यायचास, स्टुलावर चढायचास आणि आधी दिवा विझवायचास, मग मला तोंड दाखवायचास. फरशीवरचं पाणी मी पुसत बसायचे. तू जगभर दाखवलंस ते हे. म्हणून मला तो खेळ हवा होता, मोन्स. माझ्या दंडात आता वल्हवायचं बळ नाही. म्हटलं, तुझ्या खेळातून तरी एकदा संध्याकाळी पाण्यावर जाईन आणि आपलं घर लांबून बघेन.

तर मी तो विकत घेतला. बोर्येच्या मुलीने खेळाचं यंत्र त्याच्याकडे टाकून दिलं होतं, ते त्याने माझ्या स्वयंपाकघरात आणून जोडलं. पहिले काही दिवस मी नुसती धक्क्यावरून पाण्यात पडत होते. बोर्ये म्हणायचा, "बटण हळू दाब." मी म्हणायचे, "तू ब्रेक हळू दाबायचास का कधी?" शेवटी जमलं. दुपारी तीनला बाहेर अंधार झाला आणि आत मी होडी सोडली. काय सांगू तुला! पाणी इतकं खरं होतं की मी पाय वर घेतले. आखूड वल्ह्यामुळे होडी डावीकडे ओढ घेत होती, अगदी आपल्यासारखी. समोर दिवा. मी वल्हवत राहिले, वल्हवत राहिले. वल्ही फिरत होती, पाणी सळसळत होतं, पण दिवा काही मोठा होईना. तेवढाच्या तेवढा. बोर्ये म्हणाला, "चुकीचं बटण दाबतेयस." म्हटलं, "मग तू दाब." त्यानेही घाम येईस्तोवर दाबलं. मग यंत्र माझ्याकडे परत देत म्हणाला, "रस्ता संपलाय. निदान एक पाटी तरी लावायची." मी त्याला घरी पाठवलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी मी इंटरनेटवर तुझ्या खेळाखाली माझं मत लिहिलं. दोन तारे दिले. "होडी उत्तम. पलीकडे पोचता येत नाही. मोन्सची आई." लगेच खाली कोणीतरी लिहिलं, की ही खोटी आई आहे, खरी असती तर पाच दिले असते. मी त्याला उत्तर दिलं, "तुम्ही आमच्याकडची आई पाहिलेली नाही." मग बसून बाकीच्यांचंही वाचलं. शिव्या वाचल्या, चेष्टा वाचल्या, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणणारे वाचले. आणि मध्येच एका बाईचं वाचलं. तिने लिहिलं होतं, तुमच्या खेळातलं बाकी काही नसतं तरी चाललं असतं, मला फक्त ते दार ठोठावायचं होतं. मोन्स, त्या माणसांवर राग धरू नकोस. मी त्यांच्यातलीच एक आहे. ज्याला कुठे जायचंच नव्हतं तो इतका चिडत नाही. त्यांच्या मनात दिवा तूच लावलास, आणि तो त्यांना आवडला होता.

तू खजील का झालास तेही मला समजतं. खेळ बाजारात येण्याच्या आधी तू एकदा फोन केला होतास. म्हणालास, "आई, दिव्यामागे घरच नाही. नुसतं चित्र आहे. स्टेजवर दाखवलं तेवढंच वेगळं बांधलं होतं, मिठाईवाल्याच्या काचेतला खोटा केक असतो ना, तसं. घर बांधायला वेळ मागितला, तर तारीख आधीच जाहीर झालीय म्हणाले." तुझा आवाज इतका दमलेला होता की मी विचारलं, "जेवलास का?" आणि तू हसलास. तुझं ते शेवटचं हसू. त्यानंतर बाबा गेले, खेळ आला, आणि तू फोन बंद केलास.

बाबांचं लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण ताकाला जाऊन भांडं किती लपवू? सप्टेंबरात तू त्यांना विचारलं होतंस, "कसे आहात?" मी तिथेच बटाटे सोलत होते. ते म्हणाले, "थोडं बरं नाही. काम उरकलं की ये. काही घाई नाही." डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगून आठवडा झाला होता. फोन ठेवल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोराला कामात त्रास कशाला?" मी पुढचा बटाटा घेतला. आणि तू विश्वास ठेवलास. का नाही ठेवणार? आम्हीच तुला शिकवलं की शहाणा माणूस कमी बोलतो. अंत्यविधीनंतर बसथांब्यावर तू मला विचारलंस, "त्यांनी सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "ते तसेच होते." बस आली आणि तू गेलास. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या घरात येरझारा घालतोय. मला आता असं वाटतं, की तुझ्या कंपनीने जे नव्हतं ते आहे म्हणून सांगितलं, आणि आपल्या घराने जे होतं ते नाही म्हणून सांगितलं. तिकडे सगळं जग पाण्याच्या मधोमध अडकलं, आणि इकडे तू.

एक गोष्ट तुला माहीत नाही. शेवटच्या दिवसांत बाबांची खाट मी स्वयंपाकघरात आणली होती. एका संध्याकाळी म्हणाले, "दिवा लाव." मी म्हटलं, "तळ्यावर कोणी नाहीये." तर म्हणाले, "मोन्स आहे ना पाण्यावर." भ्रमात नव्हते, मिस्किल हसत होते. मी लावला. तो तेव्हापासून चालू आहे. अंत्यविधीला आलास तेव्हा तो तुला दिसला होता. मी भांडी विसळता विसळता पाहिलं, तुझा हात बटणापर्यंत गेला आणि मागे आला. दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं तुला. तू आला नव्हतासच, मग विझवणार कसा? तू नियम पाळलास, म्हणून मी काही बोलले नाही. नाताळात तू आला नाहीस तेव्हाही नाही. एकदा बल्ब गेला तो बदलला, एवढंच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. येत्या मंगळवारी ओरेब्रूच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. लाकडाच्या खोपटापासून दारापर्यंत येताना मला मध्ये थांबावं लागतं, म्हणून लाकडं बोर्ये आणतो. डॉक्टरीण तुझ्याहून लहान आहे. म्हणते, बहुतेकदा सगळं नीट पार पडतं. 'बहुतेकदा' म्हणताना ती हातातल्या पेनाकडे बघत होती. बोर्ये मला मंगळवारी पहाटे गाडीने नेईल. मग घर रिकामं, आणि रिकाम्या घरात दिवा जळत ठेवता येत नाही. बोर्ये म्हणाला, "मी विझवतो ना, एक बटण तर आहे." मी म्हटलं, "तू कुठे गेला होतास?" त्याने कॉफी ढवळली. मग म्हणाला, "मग ज्याचा आहे त्याला कळव." म्हणून कळवतेय. थोडं बरं नाही असं मी लिहिणार नाही, आणि घाई नाही असंही नाही. घाई आहे. मला भीती वाटतेय, मोन्स, आणि तू मला इथे हवा आहेस. सोमवारच्या दुपारच्या बसने ये. थांब्यावर उतरलास की रस्त्याने वळसा घालू नकोस, सरळ बर्फावरून ये. बोर्येने फरच्या फांद्या रोवून वाट आखून ठेवलीय. दिवा तुला थांब्यावरूनच दिसेल. मी काल बोर्येचा हात धरून तिथून चालत आले, थांबत थांबत. हा दिवा जवळ आलं की मोठा होतो. मग खिडकी दिसते, मग दार. ठोठाव. सोमवारी तरी उघडायला कोणीतरी आहे.

तुझीच,
आई