छपरावर फेकलेल्या दाढा

बाकोलोद, ३ मार्च

चि. अम्पारो हिस,
आशीर्वाद, आणि त्याच्यासोबत माझा रागही.

तुझ्या नातीची, क्लारिताची शस्त्रक्रिया पुढे ढकलली. बेलेन आपल्या लेकीला स्वतःचं मूत्रपिंड द्यायला तयार, तपासण्या जुळलेल्या, आणि घोडं अडलं कुठे? दाढांत! क्लारिताच्या दुधाच्या दोन दाढा किडल्यात, एकीच्या मुळाशी पू आहे. नवं मूत्रपिंड टिकावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. अशात तो पू जिवावर बेतेल, म्हणे. मग इतकी वर्षं डायलिसिस करताना तिला एकदाही आ कर म्हणायला कुणाची जीभ झिजत होती?

चौकातला दंतवैद्य म्हणाला, दुधाचे दात आपोआप पडतील, किडनीच्या पोरीला हात लावायला मी वेडा नाही. मी म्हटलं, वेडा कुठला, भित्रा आहेस तू!

आणि तू! पोरीला मीठ बंद, केळी बंद, सुकी मासळी बंद, म्हणून इलोइलोहून बटरस्कॉचच्या वड्यांची खोकी पाठवत बसलीस. लाज वाटू दे थोडी.

तुझी,
थोरली बहीण, मनांग पेर्पेतुआ

इलोइलो, ११ मार्च

ती. मनांग,
तुझा हात कपाळाला लावते.

ओरडलीस ते योग्यच. पोर दिवसभर नाही, नाही ऐकते. एका तरी गोष्टीला हो म्हणावं असं वाटायचं. आता खोकी बंद.

पण दाढा काढल्या की मागून घे. छपरावर फेकून उंदराकडे नव्या मागू, असं मी तिला कबूल केलंय. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलेली तू, हसशीलच. पण लहानपणी दात फेकताना प्रार्थनाघराची काच कुणी फोडली होती गं?

माया आटू देऊ नकोस.
अम्पारो

बाकोलोद, २९ एप्रिल

चि. अम्पारो,
काचेचा विषय पुन्हा काढू नकोस. बाकी आशीर्वाद.

मोठ्या इस्पितळात लहान मुलांची दंतवैद्य भेटली. डायलिसिसच्या दिवशी औषधाने रक्त पातळ असतं, म्हणून तिने दुसऱ्या दिवशी बोलावलं. सगळी तयारी झाली आणि क्लारिताने तोंड मिटलं! परिचारिका बोलून गेली होती की काढलेले दात कचऱ्यात जातात, तसा नियम आहे. पोर ढिम्म हलेना. आजची वेळ गेली तर शस्त्रक्रिया आणखी लांबणार, या विचाराने बेलेन रडायला लागली. मी परिचारिकेला विचारलं, दाढा काय इस्पितळाला फुटल्यात? दंतवैद्य हसली, म्हणाली, धुऊन डबीत देते. लगेच तोंड उघडलं, तेही मगरीसारखं!

पोरीच्या हातात जोर नाही, म्हणून मीच खुर्चीवर चढून दाढा फेकल्या. शेजारीण दात काढत होती. एक दाढ पत्र्यावरून घरंगळत परत आली. पुन्हा भिरकावली आणि उंदराला बजावलं, नीट धर मेल्या!

काल शस्त्रक्रिया झाली. मायलेकी दोघी छान आहेत. मदर सुपीरियरने असला शब्द मला कधी लिहू दिला नसता, पण लिहिते. दोन वर्षं जिला थेंबभरही होत नव्हती, ती आपली पोर मुतली, अम्पारो! भरभरून मुतली! पिशवी भरताना पाहून मी वॉर्डात टाळ्या वाजवल्या. कुणीही मला गप्प केलं नाही.

लोभ ठेव, आणि मिळेल त्या बोटीने लवकर ये.
तुझी मनांग